चार दवाखाने आणि बाजाराच्या दिवशीची गोळी

हे लिहायला बसले ती रागाने. आजारातून उठलेल्या माणसाने आधी सगळ्यांचे आभार मानायचे असतात. तेही करीन, पण आधी राग. आजार झाला याचा राग नाही, तो कुणालाही होतो. राग याचा आहे की माझ्या एका शरीराची चार दवाखान्यांत वाटणी झाली होती, चौघेही आपापल्या वाट्यापुरते हुशार होते, आणि वाटे जोडायचं काम जिला सकाळी स्वतःच्या साडीच्या निऱ्या घालता येत नव्हत्या तिच्याकडे होतं.

मी नंदा. बोरीपासून जरा आत आमचं गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वय एक्कावन्न. आमच्या ह्यांचं बोरीत झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे. तुम्ही एकापेक्षा जास्त डॉक्टरांच्या हाताखाली असाल तर हे वाचा. माझ्यावर बेतलं, तुमच्यावर बेतायला नको.

खडू

जूनमध्ये शाळा उघडली आणि माझी मूठ वळेना. सकाळी बोटं सुजलेली असायची, दहा वाजेपर्यंत हळूहळू सुटायची. एक दिवस फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडला. पहिलीच्या पोरांना वाटलं बाईंनी मुद्दाम टाकला, ती हसली, मीही हसले. मग तो रोज पडायला लागला.

बोरीचे डॉक्टर म्हणजे आमचे वीस वर्षांचे घरचे डॉक्टर. माणूस चांगला, हाताला गुण आहे. त्यांनी दोन महिने इंजेक्शनं दिली आणि म्हणाले, "बाई, वय झालं आता. कॅल्शिअम घ्या, पाण्यात हात घालू नका." पाण्यात हात न घालता घर कसं चालवायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

मला सात वर्षांपासून शुगर आहे. त्यासाठी दर तीन महिन्यांनी परभणीला दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते. त्यांच्यासमोर मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्यांनी रिपोर्ट पाहिला, हाताकडे एकदा नजर टाकली आणि म्हणाले, "हे माझ्याकडे नाही. नांदेडला सांध्यांच्या मॅडम आहेत, त्यांना दाखवा." तरी त्यांचे उपकारच, कारण बोरीत राहिले असते तर मी अजून कॅल्शिअमच खात बसले असते.

नांदेडच्या मॅडमनी माझं एकेक बोट दाबून पाहिलं. किती दिवसांनी कुणीतरी माझ्या हाताला हात लावत होतं. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, हा संधिवात आहे, हा जाणार नाही, पण ताब्यात राहू शकतो. मी एकच प्रश्न विचारला, खडू धरता येईल का?

"गोळी नियमित घेतली तर येईल," त्या म्हणाल्या. "नाही घेतली तर बोटं वाकडी होत जातील, मग मी काही करू शकणार नाही."

बाहेर हे फाईल मांडीवर घेऊन बसले होते. "काय म्हणल्या?" विचारलं.

"जन्माचं हाय म्हणल्या."

त्यांनी फाईल पिशवीत घातली. मग म्हणाले, "चल, चहा घेऊ." आम्ही चहा घेतला आणि गाडीत बसलो. पूर्णा स्टेशन येईपर्यंत मी रडले. हे खिडकीतून बाहेर बघत होते आणि एका हाताने माझी पिशवी धरून होते. त्या दिवसाचं एवढंच आठवतं.

बाजाराचा दिवस

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. हे मॅडमनी तीनदा बजावलं. मेडिकलवाल्यानेही सांगितलं, बाई, एक वार पक्का करा.

हे लगेच म्हणाले, "बाजाराच्या दिवशी घेत जा. तो दिवस इसरतो का कुणी?"

खरंच विसरत नाही. आमच्याकडे आठवड्यातून एकदा जे काही करायचं ते बाजाराच्या दिवशी करतात. दाढी, दळण, मटण, सगळं. आमच्या गावचा बाजार गुरुवारी. वार कोणता ते म्हाताऱ्या माणसांना सांगता येणार नाही, पण बाजाराला किती दिवस राहिलेत ते बरोबर सांगतील. मेडिकलवाल्याने पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बाजारच्या दिवशी'. तो हसला, आम्हीही हसलो. तोवर एकाही दवाखान्यात इतक्या सोप्या भाषेत मला कुणी काही लिहून दिलं नव्हतं, म्हणून त्या पाकिटाचं मला कौतुकच वाटलं.

घरी आल्यावर ह्यांनी प्रेमापोटी एक उद्योग केला. मॅडमची चिठ्ठी लॅमिनेट केली. "आता फाटायची न्हाई, भिजायची न्हाई, जन्माची हाय ना," म्हणाले. पुढच्या खेपेला मॅडमनी तिच्यावर काहीतरी लिहायला पेन टेकवलं तर पेन घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. बाहेर तीस पेशंट बसलेले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे, चालू आहे तेच चालू ठेवा. वार चुकवू नका." त्या काय लिहिणार होत्या ते मला तीन महिन्यांनी कळलं.

माझी डाकगाडी

आता तिघांच्या मधली पायपीट. मॅडमना दर महिन्याला रक्ताचा रिपोर्ट लागायचा, तोही त्यांच्याच खालच्या लॅबचा. परभणीच्या डॉक्टरांना त्यांच्या लॅबचा. बोरीच्या डॉक्टरांनी एकदा ताप आला म्हणून तिसरीकडून करून घेतला. आठ दिवसांत तीनदा सुई टोचून घेतली. रक्त माझंच, तिन्ही वेळा तेच, फक्त कागदावरचं नाव वेगळं. मी म्हणाले, साहेब, हा परवाचाच रिपोर्ट आहे, तर डॉक्टर म्हणाले, आम्हाला त्यांच्या मशीनची खात्री नाही.

प्रत्येकजण दुसऱ्याच्या गोळीकडे असा बघायचा, जणू घरात न सांगता पाहुणा येऊन बसलाय. "ही कुणी दिली?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की शेवटी फाईल उघडायच्या आधीच सांगायला लागले, ही नांदेडची, ही परभणीची, ही बोरीची. परभणीचे म्हणायचे, शुगरची गोळी कमी करायची का ते सांध्यांच्या मॅडमना विचारा. मॅडम म्हणायच्या, शुगरचं त्यांनाच विचारा. मी म्हणायचे, तुम्हीच एक फोन लावा ना त्यांना. "त्यांना म्हणावं मला फोन करा," हे उत्तर मला दोन्हीकडून मिळालं. दोघेही मोठी माणसं, आधी फोन कुणी करायचा यावर अडलेले. व्याह्यांमध्ये असतं तसं.

ह्यांनी मात्र कशात कसूर केली नाही. प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स काढून तिन्ही दवाखान्यांत दिल्या. बोरीच्या डॉक्टरांना नांदेडच्या चिठ्ठीची झेरॉक्स सप्टेंबरमध्येच दिली होती. त्यांनी "वा, छान" म्हणून ती टेबलाच्या खणात टाकली. तो खण मी डोळ्यांनी पाहिलाय, लक्षात ठेवा.

आक्काकडे

दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा टाकली आणि मोठ्या बहिणीकडे राहायला गेले. आक्काचं गाव चुडाव्याच्या जवळ. तिथून नांदेड जवळ पडतं, आणि तोवर माझ्या हाताने भाकरी थापणं बंद झालं होतं. भाऊजी गेल्यापासून आक्का एकटीच असते. सकाळी विहारात वंदनेला जाऊन यायची, मग माझे केस विंचरून द्यायची, अंघोळीला पाणी काढून द्यायची. मी म्हातारी झाले आणि ती आई झाली, असं काहीतरी चाललं होतं.

गोळ्यांचा सगळा कारभार तिने हातात घेतला. पट्टीतून गोळी दाबून काढायची ताकद माझ्या अंगठ्यात नव्हती. आक्का सातवी शिकलेली. प्रत्येक पाकिटावरचं बोट ठेवून वाचायची, वाटीत गोळ्या काढायची आणि समोर उभी राहून गिळायला लावायची. वाटीत रोज सात-आठ गोळ्या. मी मोजायचे नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या वतीने लक्ष ठेवत होतं, तो निवांतपणा मला हवाच होता.

हे बोरीहून रोज फोन करायचे. गुरुवारी सकाळी हमखास म्हणायचे, "आज बाजार हाय. गोळी घेतली का?" प्रवासात राहू दे म्हणून एक पट्टी माझ्या पर्समध्ये होती. ती दाताने फोडून मी गोळी घ्यायचे आणि सांगायचे, घेतली.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड आले. पूर्णेला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. हा चौथा दवाखाना. त्यांनी टॉर्च लावून पाहिलं. "दाढ टोचतेय," म्हणाले आणि माझ्या दोन चांगल्या दाढा घासून दिल्या. दुसरं काही औषध चालू आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. मी फाईल काढायला लागले तर म्हणाले, असू द्या, दाताला त्याची गरज नाही.

मग लघवीला जळजळ सुरू झाली, थोडा ताप. ह्यांनी बोरीच्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी तोंडीच औषधाचं नाव सांगितलं, ह्यांनी ते मोबाइलवर आक्काला पाठवलं, आक्काने चुडाव्याहून आणलं. तेही वाटीत गेलं. पाच दिवसांनी मला पाण्याचा घोट गिळता येईना. नाकातून रक्त आलं. अंगात ताप इतका की आक्काच्या कपाळावर घाम आणि मी गोधडीखाली कुडकुडतेय. तिने शेजारच्यांची जीप बोलावली आणि मला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात आणून टाकलं.

काचेच्या आत

मला वेगळ्या खोलीत ठेवलं. अंगातल्या पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या होत्या, बाहेरचा साधा सर्दी-खोकलासुद्धा मला झेपणार नव्हता. दाराला छोटी काच. त्या काचेतून हे दिसायचे, कधी आक्का दिसायची. मला भीती वाटली हे मी लपवणार नाही. पोरांच्या पाठ्यपुस्तकातल्या कविता पाठ आहेत का ते मी मनात म्हणून बघत होते. एक ओळ आठवली नाही की वाटायचं, सुरू झालं.

रोज सकाळी पाचला रक्त, साडेसहाला ताप, नऊला राऊंड. राऊंडला रोज नवे डॉक्टर. नवे डॉक्टर नवा प्रश्न विचारत नव्हते. "घरी काय काय औषधं चालू होती?" मग हे दारातूनच फाईल आत सरकवायचे. डॉक्टर वरची लॅमिनेट केलेली चिठ्ठी उन्हाकडे धरून बघायचे, चकाकते म्हणून खाली ठेवायचे, आणि लिहून घ्यायचे, 'संधिवात, शुगर, औषधं चालू'. तीन दिवस असंच चाललं. माझ्यावर कशाचा उपचार चाललाय हे त्यांना नीट माहीत होतं, पण हे कशामुळे झालं ते कुणालाच सापडत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी एक सिस्टर आल्या. चाळिशीच्या, चेहऱ्यावर मास्क, कपाळावर आठ्या. फाईल बघितलीच नाही. म्हणाल्या, "कागद नकोत मला. गोळ्या दाखवा. पिशवीत, पर्समध्ये, असंल नसंल ते सगळं काढा."

पलंगावर सगळ्या पट्ट्या ओतल्या. त्यांनी त्या पत्त्यांसारख्या मांडल्या. दोन पट्ट्या उचलून एकमेकींशेजारी धरल्या.

"ह्या दोन्ही एकच हायत. दोन्ही फोडलेल्या. कशा काय?"

"एक माझ्या पर्समधली. एक आक्काकडची."

त्यांनी आक्काकडचं पाकीट वाचलं. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाजारच्या दिवशी म्हणजे कोणत्या बाजारच्या?"

"आमच्या. गुरुवारच्या."

"बहिणीचं गाव कोणतं?"

मी सांगितलं. सिस्टर दारापाशी गेल्या, दार थोडं उघडलं. बाहेर आक्का उभी होती. "मावशी, ही गोळी तुमी कधी द्यायच्या?"

"बाजारच्या दिवशी," आक्का म्हणाली. "लिव्हलंय की त्याच्यावर. दर शनिवारी दिली. एक बी शनिवार चुकवला न्हाई मी."

ती हे अभिमानाने सांगत होती. मी खाटेवरून तिचा चेहरा बघत होते. सिस्टर माझ्याकडे वळल्या आणि हळू म्हणाल्या, "मी तिकडचीच हाय, बाई. आमच्याकडं शनिवारी बाजार असतो." दार उघडंच होतं, आक्काने ते ऐकलं. तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिने भिंतीला हात टेकला.

महिनाभर दर आठवड्याला मला ती गोळी दोनदा जात होती. गुरुवारी नवऱ्याच्या आठवणीने आणि शनिवारी बहिणीच्या काळजीने. दोघांनीही अगदी नियमित. मी पहिलीच्या पोरांना सोमवार-मंगळवार शिकवते आणि मलाच कधी वार लिहून ठेवायचं सुचलं नाही.

ज्याचं त्याचं

त्या दुपारी सांध्यांच्या मॅडम आल्या. आता फोन केला गेला होता, कारण आता मी मरणाच्या दारात होते. त्यासाठी आधी मरायला लागणं गरजेचं होतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी लवकर सुरुवात केली असती. त्यांनी पट्ट्या बघितल्या आणि बोरीच्या औषधावर बोट ठेवलं. "हे कुणी दिलं? ही दोन औषधं कधी एकत्र देत नाहीत. आधीच जास्त गेलेली गोळी, त्यात हे."

ह्यांनी बोरीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मला काय माहीत त्या ती गोळी घेतात?" खणात झेरॉक्स आहे म्हटल्यावर म्हणाले, तसं तोंडी सांगायला पाहिजे होतं. मेडिकलवाला म्हणाला, मी तर तुम्हीच सांगितलं ते लिहिलं. दातांच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरने सांगितलं की आमचा आणि गोळ्यांचा काही संबंध नाही. परभणीच्या डॉक्टरांनी शुगर कशी आहे ते विचारलं. मोठ्या दवाखान्यातल्या राऊंडच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की पेशंटने आपल्या औषधांबाबत जागरूक असायला हवं.

मी जागरूकच होते हो. जागरूक होते म्हणून चार ठिकाणी हिंडत होते.

सहाव्या दिवशी पेशी थोड्या वाढल्या. सातव्या दिवशी मी भाताची पेज गिळली आणि झाडायला येणाऱ्या मावशींनी ते बघून बाहेर जाऊन ह्यांना सांगितलं. त्या दोन घोटांइतका आनंद मला आजवर कुठल्या जेवणाचा झाला नाही. ह्यांनी शाळेतल्या पोरांनी काढलेली चित्रं काचेला लावून दाखवली. माझा वर्ग शेजारच्या बाई सांभाळत होत्या. नवव्या दिवशी मला घरी सोडलं. त्या सिस्टरांचे मी आभार मानायला गेले तर त्या ड्यूटीवर नव्हत्या. म्हणून इथे मानते.

एक कागद

घरी आले तर नवीनच त्रास. गोळी अर्थात बंद केली होती. गोळी बंद, त्यामुळे बोटं पुन्हा आखडली. आता ती पुन्हा सुरू करायची का, किती, कधी? मोठ्या दवाखान्याने लिहिलं, 'सांध्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा'. मॅडम फोनवर म्हणाल्या, शुगरच्या डॉक्टरांकडून किडनीचं बघून घ्या, मग ठरवू. परभणीचे म्हणाले, किडनी ठीक दिसते, पण त्यांनी लिहून मागितलं तर मी लिहून देईन. मॅडमकडची मुलगी म्हणाली, लिहून कशाला लागतं. पुन्हा तीच डाकगाडी सुरू, आणि डाकगाडी म्हणजे मी, अजून चालताना धाप लागणारी.

मी चिडले. चिडले आणि कामाला लागले. फुलस्केप कागद घेतला, दुखऱ्या हाताने, मुलांना द्यायच्या अक्षरात, तासाभरात एक पान लिहिलं. डाव्या बाजूला गोळीचं नाव, मग कुणी दिली, कशासाठी, कोणत्या वारी, आणि काय खाल्लं की चालत नाही. वार अक्षरात लिहिले. ह्यांनी हात पुढे केला तेव्हा मी म्हणाले, याला लॅमिनेशन केलंत तर माहेरी जाईन. यावर पेन चाललं पाहिजे.

तो कागद मी आधी परभणीला नेला आणि डॉक्टरांच्या हातात न देता त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर हात दाबून बसले. मी म्हणाले, किडनी ठीक आहे एवढं यावर लिहून सही करा, मग उठते. त्यांनी केली, फार तर अर्धं मिनिट लागलं. बोरीच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा ते कागद खणात ठेवायला निघाले. मी म्हणाले, डॉक्टर, खणात नाही, याची झेरॉक्स तुमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. त्यांनी ठेवली. चुकलं म्हणाले नाहीत, पण त्यांनी त्या दिवशी माझी फी घेतली नाही, आणि मीही पुढे काही बोलले नाही.

एकट्या माणसाला हे सगळं जमेलच असं नाही. मला झेरॉक्सवाला नवरा आहे, मला लिहिता येतं, मी शिक्षिका म्हणून जरा दरडावूनही बोलू शकते. ज्यांना यातलं काही नाही त्यांचं काय होत असेल, याचा विचार आला की मला अजून राग येतो.

आक्का

खरं सांगायचं तर एवढं सगळं मी लिहिलं ते आक्कासाठी.

दवाखान्यातून आल्यावर ती माझ्याकडे आली नाही. फोनवर म्हणायची, पेरणी हाय, पाहुणे हायत. ज्वारीची पेरणी कधीचीच झाली होती. डिसेंबरमध्ये मीच तिच्याकडे गेले. ती अर्धी झाली होती. ब्लाऊज अंगात ढिला. ताट घेऊन बसायची आणि दोन घास खाऊन उठायची. माझं डोकं दुखलं म्हणून एक साधी गोळी मागितली तर म्हणाली, "तूच घे. मी न्हाई हात लावत गोळ्याला." पट्टी माझ्यासमोर ठेवली आणि आत गेली. माझा अंगठा चालत नव्हता. मी त्या पट्टीशी झटत बसले आणि ती आतून ऐकत होती.

"आक्का, तुझी काय चूक त्यात?"

"मी दिली ना माझ्या हातानं," ती म्हणाली. "लोकाची काय बी असूं दे. हात माझा हुता."

दोन दिवसांनी मॅडमकडे नांदेडला जायचं होतं. एकटी जाऊ शकत नाही, असं सांगून मी तिला बळजबरी सोबत घेतलं. मॅडमनी माझा कागद वाचला, पूर्ण, खालपर्यंत. परभणीची सही बघितली. "पुन्हा सुरू करू, कमी करून," म्हणाल्या. "गोळ्या कोण देतं तुम्हाला?"

"माझी बहीण. बाहेर बसलीय."

"बोलवा त्यांना."

आक्का आली ती गुन्हेगारासारखी दाराला चिकटून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना. मॅडम तिला समजावायला लागल्या, गोळी कशी, काय टाळायचं. आक्का ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मधेच म्हणाली, "म्याडम, एक इच्यारू? मी दिलेल्या गोळीनंच हिचं तसं झालं का?"

मॅडमनी संगणकाकडे बघितलं. "असं एका कारणाने होत नसतं," म्हणाल्या. "बऱ्याच गोष्टी एकत्र येतात..."

"मॅडम," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, बाहेरची माणसं वाकून बघायला लागली. "गेले दोन महिने मी सगळ्यांकडून हेच ऐकतेय. सगळ्यांचं थोडं थोडं, म्हणून कुणाचंच नाही. पण हिने जेवण सोडलंय. हिला नीट सांगा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग आक्काकडे. तिची गळ्याची हाडं वर आलेली त्यांना आता दिसली असावीत. त्यांनी पेन उचललं आणि माझ्या कागदावर, त्या गोळीच्या नावापुढे, मोठ्या अक्षरात 'रविवार' लिहिलं. त्याला दोनदा गोल केला.

"आज्जी, इकडे या," त्या म्हणाल्या. "हा वार मी त्या दुसऱ्या भेटीलाच लिहायला निघाले होते. पेन चाललं नाही म्हणून राहू दिलं. दुसरा कागद घ्यायला मला एक मिनिट लागलं असतं. तुम्ही पाकिटावर लिहिलं होतं तेच केलं. चूक माझी आहे, तुमची नाही."

आक्काने दार सोडलं. मग पुढे येऊन त्या कागदावरच्या गोलावर बोट ठेवलं आणि ओठ हलवून वाचलं. मॅडमनी गोळ्यांची नवी पट्टी तिच्याकडे दिली. तिने घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली, आत पट्टी.

सहा-सात महिने मी चार दवाखाने पालथे घातले, तेव्हा हे एक वाक्य मिळालं. मला नको होतं ते. मला राग पुरेसा होता. तिला हवं होतं.

परतीची गाडी तासभर उशिरा होती. फलाटावरच्या बाकावर बसलो. आक्काने माझ्यासाठी भाकर आणि ठेचा बांधून आणला होता, माझ्या एकटीपुरताच. तिने फडकं सोडलं, भाकरीचे दोन तुकडे केले आणि मला न विचारता अर्धी भाकर खाल्ली. नंतर माझ्या अर्धीतलाही एक तुकडा घेतला.